वास्तुशांतीला न आल्याचं खरं कारण

सुन्या,

सहा महिने झाले ना. तुझे दोन फोन मी उचलले नाहीत, तिसरा तू केला नाहीस, बरोबरच आहे तुझं. आधी तब्येती आटपतो: आई ठणठणीत, माझी शुगर बॉर्डरवर, हिचा खांदा तसाच. आईचं मुद्दाम पहिलं लिहिलं, कारण वास्तुशांतीच्या सकाळी मी वहिनींना फोनवर सांगितलं ना की आईला रात्रीपासून उलट्या होतायत, ते साफ खोटं होतं. आई माझ्या शेजारीच उभी होती, पडघ्याच्या पुढे हायवेच्या कडेला, ठेवणीतली पैठणी नेसून, आणि बोनेटमधून वाफा येत होत्या.

हो, तीच गाडी. विकून टाक म्हणालास म्हणून आपलं वाजलं होतं ती.

ट्रेनने जाऊ, ट्रेनने जाऊ हे ही चार दिवस म्हणत होती, पण मला गाडी तुझ्या नव्या दारात नेऊन उभी करायची होती, बघ म्हणावं, २००७ची आहे, २०२२ला पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतलीय आणि कसारा चढून आलीय. भिवंडी बायपासलाच इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. मग मी भर मे महिन्यात हीटर फुल सोडला, काचा खाली, म्हणजे इंजिनची उष्णता आत ओढली जाते. काटा उतरला खरा, पण आई मागून म्हणाली, अरे मला आत्ताच जाळतोस का. रेडिएटरची कॅप लगेच उघडली नाही, माळशेजला भाजलेलं तुझं मनगट आठवत होतं. पाऊण तासाने उघडली तर रेडिएटर कोरडा आणि रिझर्व्ह बाटली काठोकाठ! गार होताना त्याने बाटलीतून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, खेचायला हवं, पण कुठल्यातरी भोकातून हवाच आत ओढत होता, आणि मी शहाणा रोज बाटली बघून निघत होतो.

मग गॅरेजच्या वाऱ्या. आधी कॅप बदलली, मग रेडिएटर, मग वॉटर पंप. गळती शोधायला हातपंपाने दाब देऊन बघितलं, दाबाचा काटा हलला नाही. शेवटी मेकॅनिक म्हणाला, साहेब, पाणी इंजिनच खातंय, हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवावं लागेल, अठरा हजार. मी म्हटलं अरे पण सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, पाणी मिसळून ऑइलची कॉफी झालेली नाही, उगाच हेड कशाला? तर म्हणे, बघा, तुमची मर्जी. तेवढ्यात पाऊस लागला आणि चार महिने पार्किंगची फरशीच सुकली नाही, त्यात एसीचं पाणी वेगळंच, कुठला थेंब कुणाचा कसं कळणार? ही वैतागायची ती मांजरांसाठी. कूलंट विषारी, मांजरं चाटतात आणि किडनी जाते त्यांची, म्हणून रोज रात्री खाली जाऊन बादलीभर पाणी ओतायची, म्हणजे पुरावा बायकोच धुऊन टाकत होती.

दिवाळीनंतर फरशी कोरडी मिळाली तेव्हा टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा खाली सरकवला. पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन गेलो, वॉचमनला वाटलं पेट्रोल चोर. पुठ्ठ्यावर हिरवा डाग, बोटांत धरला तर बुळबुळीत. पण डागाच्या वर काहीच नाही, थेंब गिअरबॉक्सवरून ओघळत येत होता. उलटा लटकून वर वर गेलो तर पार मागे, इंजिन आणि केबिनच्या पत्र्यामध्ये, हीटरच्या पाइपावर एक स्क्रूवाली क्लिप.

ओळखलीस? २०१४, माळशेज, तू दहाच्या नाण्याने आवळलेली.

गाडी गरम असली की तिथली धातूची नळी फुगते आणि फट बंद. रात्रभर गार झाली की नळी आकसते, रबर मात्र आता खडखडीत झालंय, ते काही तिच्यासोबत आकसत नाही, मग थेंब थेंब. वर्तकनगरहून वागळे इस्टेटच्या गॅरेजला ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत गाडी तापलेली, त्यामुळे तिथे कधी गळलीच नाही. आणि तू तेव्हाच म्हणाला होतास (मी मान्य करतोय, स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकू नकोस) की ही तात्पुरती आहे, ठाण्याला गेल्यावर पाइपच बदल आणि सकाळी गार असताना बघत जा. मी म्हणालो होतो, तू इंजिनीअर कधीपासून झालास. अकरा वर्षं, सुन्या. नवा पाइप, दोन क्लिपा, साडेतीनशे रुपये. आज सतरावा दिवस, पुठ्ठा कोरडा.

जुनी क्लिप टाकली नाही, ड्रॉवरमध्ये आहे, घेऊन येतो.

तुझं घर फोटोत झकास दिसतंय, पोराचं बारावीचं कसं चाललंय, नवीन बॉस निवळला का ते कळव. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी येतो, गाडीनेच, ही ट्रेनने येणार आहे. आईपण येतेय, तेव्हा उलट्यांचं वहिनींना काय सांगायचं ते त्याच्याआधी तूच बघ.

तुझा,
पक्या