माझ्या खांद्यावरची गोणी उतरवणाऱ्या आजीला

आजी, जय भीम.

हे पत्र तुझी धाकटी नात तुला मोठ्यानं वाचून दाखवील. तुला अक्षरं लागत नाहीत, पण भंगाराच्या काट्यावरचा आकडा तू कुणाला एका पावशेरानंही चुकवू दिला नाहीस. नातीला मी बजावलंय, एकही ओळ गाळायची नाही. आणि हे चारचौघांत लिहितेय, कारण तू माझ्यासाठी जे केलंस ते वस्तीबाहेर कुणाला ठाऊकच नाही.

१९९४ चा जून होता. मी नऊ वर्षांची. अजून फटफटलंही नव्हतं. पुण्यात कोथरूडच्या एका कचराकुंडीपाशी आई आत उतरलेली, मी बाहेर कुत्री हाकलत उभी. आदल्या दिवशी फुटक्या ट्यूबलाइटची काच पायात गेली होती, त्यावर आईनं चिंधी बांधलेली. गोणी माझ्या खांद्यावरून पोटरीपर्यंत लोंबत होती. तू समोरून आलीस, माझा पाय बघितलास, गोणी खांद्यावरून काढलीस, झटकलीस, घडी घातलीस आणि काखेत मारलीस. "ही आता माझ्यापाशी राहील. पोरीला शाळंत घाल."

आई चिडली. चिडणारच. "दोन हात कमी झाले तर रातच्याला खायचं काय?" तिचा हिशेब बरोबर होता.

तू तिच्याशी वाद घातला नाहीस. दुसऱ्या दिवशी माल विकायच्या वेळी तू तुझ्या ढिगातल्या दुधाच्या पिशव्या आणि पुठ्ठा आईच्या ढिगावर सरकवलास. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दिवाळीपर्यंत रोज. आई नको म्हणाली की म्हणायचीस, "माझ्या कमरंला एवढं वजन झेपत न्हाई." आणि तेच वजन तू पर्वतीच्या पायथ्यापर्यंत डोक्यावरून आणलेलं असायचं. आजी, तुझी स्वतःची तीन लेकरं होती. त्यांच्या ताटातलं तू माझ्या ताटात वाढत होतीस हे मला कळायला फार वर्षं लागली.

शाळेत जन्माचा दाखला मागितला. आईला एवढंच आठवत होतं, पोळ्याच्या आदल्या दिवशी झाली. हेडमास्तर मान हलवत होते. तू पदर खोचून टेबलासमोर उभी राहिलीस. "गुरुजी, लेकरू समोर हुबं हाय, आन् तुमी कागद कामून हुडकताय?" त्यांनी १ जून लिहून टाकलं. माझ्या सगळ्या कागदांवर आजही तीच तारीख आहे. दर १ जूनला मला तूच आठवतेस.

एवढी हिंमत तुला कुठून आली, हे मी पुढं हळूहळू जुळवलं. १९७२ च्या दुष्काळात तू मराठवाड्यात खडी फोडलीस, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्यास आणि कडेवर पोर घेऊन पुण्याला आलीस. आपल्या जातीच्या बाईला इथं कुणी घरात भांड्याला हात लावू देईना, म्हणून कुंडी. वीस वर्षं तू आणि तुझ्यासारख्या शेकडो जणी शहराचा कागद, काच, पत्रा वेचत होता आणि शहर तुम्हाला चोर म्हणत होतं. मग एसएनडीटी विद्यापीठाच्या बाया कुंडीपाशी येऊन बोलायला लागल्या, आणि मे १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साथीनं मेळावा झाला. आठशेवर कचरावेचक जमल्या. त्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली कचरावेचकांची संघटना उभी राहिली. या इतिहासात बाबांचं नाव येतं, त्या शिकलेल्या बायांचं येतं, आणि ते यायलाच हवं. पण संध्याकाळी दमून आल्यावर वस्तीतल्या एकेका झोपडीत वाकून शिरणाऱ्या, "वर्गणी दे, कार्ड काढ, आपण काय चोर न्हाई" असं दहा-दहादा सांगणाऱ्या बाया तुझ्यासारख्या होत्या. त्यांची नावं कुठं येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

पंचायतीच्या त्या ओळखपत्राची, त्या कार्डाची किंमत मी डोळ्यांनी पाहिलीय. आईच्या गोणीत तांब्याची तार सापडली म्हणून तिला चौकीत बसवून ठेवलं होतं. मी रडत तुझ्याकडं आले. तू चुलीवरची भाकरी तव्यावर तशीच सोडून उठलीस. पंधरा-वीस जणी गोळा केल्यास आणि सगळ्या गोण्या घेऊन चौकीच्या दारात बसलात. आरडाओरडा नाही. तू कार्ड काढून धरलंस. प्लास्टिकच्या कव्हरात, डोक्यावर पदर घेतलेला फोटो. "साहेब, हिचं बी असलंच कार्ड हाय. चोरीचं काय असंल तर लिवून द्या." लिहून द्यायला कुणी तयार झालं नाही. रात्री दहाला आई सुटली. त्या रात्रीनंतर मला शाळेतून काढायचं नाव आईनं कधी काढलं नाही.

२००८ मध्ये कचरावेचकांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेचा पुणे महापालिकेशी करार झाला आणि तुम्ही कुंडीतून निघून लोकांच्या दारापर्यंत गेलात. तुझ्या नव्या कामाच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून तुझ्याबरोबर आले होते. ज्या सोसायट्यांच्या गेटवरून आपल्याला हाकललं होतं, तसल्याच एका सोसायटीत तू जिना चढलीस. पहिल्या दारापाशी थांबलीस. बोट लुगड्याला दोनदा पुसलंस आणि मग बेल दाबलीस. दार उघडलं, तशी सरळ म्हणालीस, "ताई, ओला अलग, सुका अलग." तुझा आवाज जराही कापला नाही. माझेच डोळे भरून आले होते.

पुढं त्याच सोसायटीच्या मीटिंगमध्ये, भरल्या पुरुषांत, तू बोललीस की पाळीचे पॅड उघडे टाकू नका, कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, आम्ही ते हातानं उचलतो. सगळे खाली बघत होते. तू मात्र एकेकीचं, एकेकाचं तोंड बघत होतीस. लाज कुणाला वाटायला हवी, हे मला त्या दिवशी समजलं.

मी आज दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. दिवसात कितीदा तरी हातमोजे घालते, काढते, लाल पिशवीत टाकते. दर वेळी नाही, पण पुष्कळदा तुझे हात दिसतात. अंगठ्याजवळचा तो काचेचा वण, नखांत कायमची बसलेली काळी रेघ. माझ्या धाकट्या भावाला पुढं शिष्यवृत्ती मिळाली, ती अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांसाठीची. तिचा फॉर्मही तूच आईच्या हातात आणून ठेवला होतास. तोही आज कमावता आहे. वस्तीत अशी किती घरं असतील, ते तुला विचारलं की तू नुसता हात हलवतेस.

मी तुला कधी 'आभारी आहे' म्हटलं नाही. आपल्याकडं आजीला असं कुणी म्हणत नाही. पण आज म्हणते. त्या दुधाच्या पिशव्यांसाठी, त्या पुठ्ठ्यासाठी, चौकीच्या दारातल्या त्या रात्रीसाठी, आणि तव्यावर जळलेल्या भाकरीसाठी. आजी, मी तुझी फार फार आभारी आहे.

रविवारी सकाळी येते. तुझ्या डोळ्यांची मोतीबिंदूची तपासणी ठरवलीय, रिक्षा घेऊनच येईन. उपाशी राहू नकोस, चहा-भाकर खाऊन तयार राहा. आणि कार्ड शोधून ठेव. त्याचं कव्हर फाटलंय, मी नवं आणलंय.

तुझीच,
पोळ्याच्या आदल्या दिवशी जन्मलेली