ट्युलिपची बाग, आखाजी आणि सागरचं लग्न

ती. आप्पा आणि सौ. आईस सा. न. वि. वि.

फोटो पाहिलेच असतील, आता नीट लिहिते. आम्ही तिघं मजेत आहोत. चिनूचा खोकला गेला, आणि आई, ती फोटोत बारीक दिसते कारण जॅकेट एक माप मोठं घेतलंय, जेवते व्यवस्थित. एप्रिलमध्ये जॅकेट कशाला म्हणशील, तर तिकडे भुसावळ ४५ ला टेकलं असेल आणि इथे नेदरलँड्सला सकाळी ८ डिग्री होतं.

रविवारी लिसला क्युकेनहॉफची बाग पाहायला गेलो. वर्षात जेमतेम ८ आठवडे उघडी असते, १९५० पासून लोक पाहायला येतात. ३२ हेक्टर, म्हणजे आप्पा आपल्या हिशोबाने ८० एकराच्या आसपास, आणि त्यात दरवर्षी ७० लाख कंद हाताने लावतात, हंगाम संपला की काढून टाकतात आणि थंडीच्या तोंडावर परत नवे. कंद शेतकरीच देतात, आपला माल लोकांना दिसावा म्हणून. चिनू जांभळ्या फुलांच्या वाफ्यापाशी बसली ती उठेचना. खर्चाचं विचारू नका, चार वर्षांखालच्या पोरांना तिकीट नाही आणि डबा मी घरून नेला होता, मेथीचे पराठे आणि तू पाठवलेली शेंगदाण्याची चटणी.

आता आप्पांसाठी. परत येताना रस्त्याच्या दोन्ही अंगाला ट्युलिपची शेतं, लाल पिवळे लांबच लांब पट्टे, आणि एका शेतात मशीन चाललेलं, चांगली उमललेली फुलं सपासप कापून सरीत पाडत होतं. कुणी एक फूल उचलेना! माझा तर जीवच कळवळला. यांच्या ऑफिसातल्या एकाचे सासरे कंदाची शेती करतात, ते सोबत होते, त्यांनी समजावलं की त्या शेतात फूल हे पीकच नाही, पीक जमिनीखाली आहे. फूल ठेवलं तर झाड बी धरायला लागतं आणि कंद पोसत नाही. तुम्ही केळी निसवल्यावर शेवटची फणी उघडली की केळफूल मोडता ना, घड भरावा म्हणून, तसंच. पण फूल थोडे दिवस ठेवतात, कारण रंग उघडल्याशिवाय व्हायरस लागलेलं झाड ओळखू येत नाही, मग शेतकरी ओळीओळीतून फिरून तेवढी झाडं उपटतो. आपल्या केळीवर सीएमव्ही हा व्हायरसचा रोग आला तेव्हा तुम्ही बागेत तसेच फिरत होता, मला ते आठवलं. मग जून-जुलैत कंद काढायचे. आई, तू कंद आण म्हणशील, पण त्याला आधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते, आपल्या अंगणात फुलायचा नाही गं.

एकटी पडलीस का असं फोनवर सारखं विचारता. नाही पडले. इथे मराठी बायका आहेत, गणपती होतो, भरीतसुद्धा करते, वांगं गॅसवर भाजून. बामणोदच्या वांग्याची चव नाही ते सोडा. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येता येणार नाही हे आधीच सांगितलंय. झोका मात्र बांधा, शेजारच्या पोरी येतात ना, त्यांना खेळू दे. मी नाही म्हणून या वर्षी राहू द्या असं करू नका.

सागरच्या लग्नाचं म्हणाल तर मुहूर्त माझ्यासाठी पुढे ढकलू नका, मुलीकडच्यांना मे मध्येच उरकायचंय तर उरका. यांना नव्या नोकरीत रजा नाही, मी आणि चिनू हळदीच्या आधी पोहोचतो, तिकीट पाहून ठेवलंय. कुरडया-पापडाला माझे हात नसतील, काकूंना सांग की आल्यावर उष्टी भांडी सगळी मी घासेन. करवली मीच, दुसऱ्या कुणाला कलश देऊ नका.

बोअरचे पैसे सागरच्या खात्यात टाकलेत. आप्पा, ते परत पाठवायचे नाहीत, जावयाचे पैसे कसे घेऊ वगैरे काढू नका, ते माझ्या पगारातले आहेत. नवरीची पोत पण माझ्याकडून, सोन्याचा भाव ऐकून आईने अडवायचं नाही. बस्ता बांधायला जळगावला जाल तेव्हा दुकानातून व्हिडिओ कॉल लावा, शालू मला दाखवूनच घ्या, आणि सागरला म्हणा मंगल कार्यालयाचा ॲडव्हान्स भरला का ते आजच कळव.

तुमची,
माया