सहा दिवस शोधलं, बोका आमच्याच बिल्डिंगमध्ये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमचा बोका गेल्या पावसाच्या तोंडावर सहा दिवस हरवला होता आणि ते सहाही दिवस तो आमच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली, मीटर रूममधल्या जुन्या लाकडी फळ्यांच्या मागे बसलेला होता, हे सांगायला हे पत्र. खिडक्यांना प्लास्टिक लावायला माणूस आला होता, दार उघडं राहिलं आणि ड्रिलचा आवाज ऐकून आमचे महाराज पसार. आम्ही काय केलं? जे सगळे करतात तेच. चिंचपोकळी स्टेशनपर्यंत हाका मारत गेलो, लालबागच्या मार्केटमध्ये मासेवाल्या मावश्यांना फोटो दाखवले, यांनी तर भारतमाताच्या सिग्नलपर्यंत स्कूटरवरून चकरा मारल्या. आणि तो चाळीस पायऱ्या खाली.

घरातलं मांजर बाहेर पडलं की लांब जात नाही हो. घाबरतं, जवळची पहिली अंधारी जागा गाठतं आणि तिथे चिकटून बसतं. मुख्य म्हणजे ओरडत नाही. आपण नाव घेऊन हाका मारतोय, ते चार फुटांवर आहे, तरी गप्प, कारण आवाज केला तर आपण पकडले जाऊ असं त्याला वाटतं. हे मला डॉक्टरांनी पाचव्या दिवशी फोनवर सांगितलं, पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर एवढी वणवण झाली नसती. ते म्हणाले रात्री दोन-तीनला, बिल्डिंग झोपली की, टॉर्च डोळ्यांच्या लेव्हलला धरून फिरा, मांजराच्या डोळ्यात मागे आरशासारखा पडदा असतो, तो चमकतो. तसंच झालं. गाड्यांखाली, पंपरूममागे, जिन्याखालच्या सायकलींमध्ये बघत बघत शेवटी मीटर रूमच्या जाळीतून दोन हिरवे ठिपके दिसले. पण रूमला कुलूप, चावी सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी म्हणे सकाळी दहानंतर. मग मी काय केलं तर घरी येऊन जवळा भाजला आणि ताटली जाळीशी नेऊन ठेवली (तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आलीच, पहाटे तीनला कोण जवळा भाजतं म्हणून). जाळीचा एक कोपरा तुटलेला होता, बहुतेक आत गेला तोही तिथूनच. अर्ध्या तासाने तिथून आधी नाक बाहेर आलं, मग बोका.

मिळाल्यावर लगेच डॉक्टरकडे नेलं ते बरं झालं. जाडजूड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर चरबी चढते आणि मग ते समोर ठेवलेलंही खात नाही, त्यामुळे "आला ना, आता खाईल आपोआप" असं धरून चालू नका.

त्या सहा दिवसात फोनही खूप आले. एक जण म्हणाला मांजर माझ्याकडे आहे, आधी दोन हजार जीपे करा मग फोटो पाठवतो. मी म्हटलं आधी फोटो पाठव. फोन कट.

आता दुसरी बाजू. गेल्या महिन्यात आमच्या जिन्यात एक तिरंगी मांजर येऊन बसली, पांढरी-काळी-केशरी, अंग स्वच्छ, माणसाला न घाबरणारी. शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं पिशवीत घाल आणि मच्छी मार्केटला सोडून ये, तिथे खाईल पोटभर. काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं, पण तिचं घर कदाचित दोन बिल्डिंग सोडून असेल आणि मग ते कायमचं तुटलं. (पाळलेलं जनावर उपाशी मरायला टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्याने गुन्हा आहे, हे पण किती जणांना माहीत असतं?) मी आधी तिचे कान बघितले. कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर ते नसबंदी करून परत सोडलेलं, त्याच गल्लीतलं मांजर, त्याला उचलायचं नाही. हिचे कान अख्खे. मग गळ्यात कागदाची पट्टी सैल गुंडाळली, त्यावर "ही तुमची आहे का?" आणि फोन नंबर. कागदच हवा, दोरी नको, कुठे अडकली तर कागद फाटतो, फास बसत नाही. दोन दिवस ती ये-जा करत होती, कुणाचाच फोन नाही, तेव्हा घरात घेतली आणि डॉक्टरकडे नेऊन कातडीखाली ओळखीची चिप टोचलेली आहे का ते तपासून आणलं. तांदळाच्या दाण्याएवढी असते ती, मशीन फिरवलं की 15 आकडी नंबर येतो. अनेकांना वाटतं चिप असली की मोबाईलवर मांजर कुठे आहे ते दिसतं, तसं काही नसतं. हिला चिप नव्हती. परळचं प्राण्यांचं हॉस्पिटल, ज्याला आमच्याकडे अजून बैलघोडा म्हणतात, तिथेही सांगून आले, कारण मांजर हरवलेले लोक तिथे विचारायला जातात.

आसपासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकल्यावर एक गृहस्थ म्हणाले आमचाच बोका तो, नक्की. आता तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, रंगाचं गणितच तसं आहे, आणि ज्याने मांजर पाळलंय त्याला आपल्याकडे बोका आहे की भाटी एवढं तरी माहीत असणार ना! नाही दिली.

सोसायट्यांना एकच विनंती, कुणाचं मांजर हरवलं असेल तर मीटर रूम, पंपरूम, गच्ची आणि बंद पडलेल्या फ्लॅटच्या चाव्या त्याच रात्री द्या, दहा वाजायची वाट बघायला लावू नका. आणि पावसात गाडी चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, ऊब बघून आत जाऊन बसतात.

तिरंगी अजून आमच्याकडेच आहे. बोका तिच्यावर गुरगुरतो, ती लक्ष देत नाही. लालबाग, करी रोड भागात कुणाची हरवली असेल तर संपादकांच्या ऑफिसात कळवा, तिथे माझा नंबर देऊन ठेवलाय. फक्त तिच्या शेपटीबद्दलची एक गोष्ट मी मुद्दाम इथे लिहिलेली नाही, ती तुम्ही सांगायची.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई