ओल्या घोड्याची झूल

डेव्हन, इंग्लंड,
१७ नोव्हेंबर

प्रिय मेधा,

तुझा निरोप तीनदा ऐकला. मागे पोनी खिंकाळतेय, लेक ओरडतेय, वारा तर थेट फोनातच शिरलाय. निम्मं बोलणं वाहून गेलं. उरलं त्यावरून एवढं कळलं की लेकीसाठी वर्षाच्या बोलीने हायलँड पोनी, ती स्कॉटलंडची छोटी घोडी, आणली आहेस, पंधरा मिनिटं दुडकी चालली की ती घामाने निथळते, आणि दुकानदार १२० पौंडांचा कूलर, म्हणजे घाम सुकवायची झूल, तुझ्या गळ्यात मारायला बघतोय. घेऊ नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी नको.

(आमच्या घरी मी पहिल्यांदा 'घोड्यासाठी कूलर घ्यायचाय' म्हटलं, तेव्हा ह्यांच्या डोळ्यांपुढे वाळ्याच्या ताट्या लावलेला, खिडकीत घरघरणारा लोखंडी डबा आला. "तबेल्यात वीज कुठंय?" म्हणाले. तेव्हापासून आमच्याकडे त्याला झूलच म्हणतात.)

तुझी पोनी आजारी नाही, केसाळ आहे. थंडीसाठी तिने अंगावर दुहेरी लोकर चढवलीय आणि त्यात तुम्ही तिला चढणीवर पळवता. मानेवर लगामाची वादी घासते तिथे पांढरा फेस दिसेल, त्यालाही घाबरू नकोस. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, ते साबणासारखं काम करतं. त्यामुळे घाम केसांतून पसरत वर येतो आणि उडून जातो. उन्हाळ्यात ही सोय छानच. पण तुमच्याकडे या दिवसांत चारला दिवे लागतात, हवेत आधीच ओल. घाम उडणार कुठे? केस चिकटून बसतात, त्यांच्यात धरलेली ऊबदार हवा जाते आणि जनावर आतून गारठतं.

हे मला पहिल्याच हिवाळ्यात माझ्या घोड्याने, बिस्किटने शिकवलं. रपेटीहून परतायला अंधार पडला, पाऊस सुरू झाला, म्हणून मी त्याच्या ओल्या पाठीवर तशीच जाड, पाऊस न झिरपणारी झूल चढवली आणि घरी गेले. सकाळी खांद्यामागे हात घातला तर आत अक्षरशः भिजत घोंगडं! रात्रभराचा घाम तिथेच कोंडलेला, कातडी गार, आणि वास असा की दोन दिवस माझ्या बाहीतून गेला नाही. बिस्किटने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तेही विसरलेले नाही.

तर कूलरचं काम एवढंच: ओल अंगापासून ओढून बाहेरच्या बाजूला आणायची आणि ते होईतो वारा लागू द्यायचा नाही. यात बाकी सगळी खोगीरभरती आहे. सोनेरी गोठ, मानेला जुळणारी टोपी, नाव भरून घेण्याची सोय, त्या १२० पौंडांतले निम्मे तिथेच जातात. आपण फक्त कापड बघायचं.

सुती झूल दिसायला गोड, पण सूत पाणी पितं आणि धरून बसतं. लोकर उत्तम, ती ओली झाली तरी ऊब सोडत नाही, हे आपल्याकडच्या धनगरांना कुणी शिकवावं लागलं नाही. पण इथे लोकरी झूल महाग, धुताना आटते, कसर लागते. जाळीची झूल, भोकाभोकांची, मासे धरायच्या जाळ्यासारखी, स्वस्त मिळते आणि लोक ती नुसतीच घालतात. नुसती घातली तर काही उपयोग नाही. तिच्यावर दुसरं पातळ कापड आलं, की भोकांत हवा अडकते आणि मग ती काम करते. राहिलं पॉलिएस्टरचं फ्लीस, ते मऊ लवदार कापड. पॉलिएस्टरचा धागा स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही, म्हणून ओल धाग्याधाग्यामधून वर सरकते, दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी. आपल्या खिशाला हेच. माझ्या दोन्ही झुली पंचवीस पौंडांच्या आतल्या.

पण फ्लीस म्हणून विकलं जाणारं सगळंच ओल ओढत नाही. माझी पहिली स्वस्त झूल म्हणजे सोफ्यावर टाकायचं पांघरूण होतं, त्याला बकलं लावलेली. म्हणून पिशवीत पाण्याची छोटी बाटली घेऊन जा. झुलीची आतली बाजू वर कर आणि एक थेंब टाक. मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर झूल जागेवर ठेव. काही क्षणांत पसरला आणि उलट्या बाजूला बोट लावल्यावर ओल लागली, तर पैसे काढ. दुकानदार बघत राहील, राहू दे. आपण तुळशीबागेत साडीचा रंग जातो का म्हणून पदर ओला करून बघायचोच की!

मापात तुझा घोटाळा होणार, कारण तू उंची सांगतेस. घोड्याची उंची 'हँड'मध्ये, म्हणजे तळहाताच्या रुंदीत मोजतात, झूल मात्र लांबीने मिळते. छातीच्या मध्यापासून खांद्यावरून पार पुठ्ठ्याच्या मागच्या कडेपर्यंत टेप धर, लेकीला दुसरं टोक धरायला सांग. हायलँड पोनी उंचीने बेताची पण अंगाने आडवी, तेव्हा खांद्यात झूल तंग होते का ते आधी बघ. पुढची बकलं लावल्यावर छातीशी हात सहज आत गेला पाहिजे. पोटाखालून फुलीसारखे जाणारे पट्टे हवेतच आणि शेपटीखालची दोरीही हवी, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात झूल मानेवर येईल आणि पोनी अंगण डोक्यावर घेईल.

आता वापर. परतताना शेवटची दहा-पंधरा मिनिटं चालतच आणा, तंग, म्हणजे खोगीराचा पोटाखालचा पट्टा, एक घर सैल करा. खोगीर काढलं की मूठभर वाळल्या गवताने पाठ चोळ, मग झूल, मग गवत खायला. वीस मिनिटांनी बॅटरी मारून बघ. झुलीवर बाहेरून बारीक थेंब उभे राहिलेले दिसतील, पहाटेच्या गवतावर दहिवर असतं तसे. मला ते दृश्य अजून आवडतं. आत हात घातला तर अंग कोरडं पडायला लागलेलं असतं. आणि इथेच एका महाग झुलीचं घोडं अडतं: बाहेर ओली झालेली झूल तशीच ठेवली, की वारा तिला गार करतो आणि गारवा परत आत उतरतो. ती काढून दुसरी कोरडी घालायची. म्हणून म्हणते, एक भारी नको, दोन साध्या घे. रात्रभर मात्र फ्लीस ठेवू नकोस. त्याला गवत आणि भुसा असा चिकटतो की पोनीपेक्षा झुलीलाच खरारा करावा लागतो.

दुसरी येईपर्यंत काय? आपल्या पुण्यातल्या रायडिंगच्या वर्गातले मोतद्दारकाका आठवतात? डिसेंबरच्या सकाळी ओल्या घोड्याच्या पाठीवर पेंढा पसरून वर गोणपाट टाकायचे, आणि आपण 'घोड्याचं शाकारलेलं घर' म्हणून हसायचो. इथले जुने लोकही नेमकं तेच करतात आणि शाकारण्याचाच शब्द वापरतात. पेंढ्यात हवा राहते, वाफ वर जाऊन गोणपाटाला लागते, पाठ सुकते. खर्च शून्य.

धुताना सुवासिक सॉफ्टनर घालू नकोस. मी घातला होता. झुलीला लव्हेंडरचा वास आला आणि पाण्याचा थेंब टुण्णकन वर बसला. धाग्यांवर त्याचा लेप बसतो. ३० अंशांवर, साध्या साबणात, दोनदा खळबळून.

आणि तुझ्या बारामतीच्या भावाला हे पत्र वाचून दाखवू नकोस, तो मे महिन्यात घोड्यावर फ्लीस घालेल. उन्हात तापलेल्या घोड्याला झूल नाहीच, गार पाणी भराभर ओतत राहायचं. गरम अंगावर गार पाणी नको, ही समजूत जुनी झाली. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या उकाड्यात घोड्यांना गार पाण्यानेच सावरलं होतं.

बिस्किटची जुनी निळी झूल माझ्याकडे पडून आहे, ५ फूट ९ इंच. थेंबाची परीक्षा अजून पास होते. एक पट्टा तुटला होता, तिथे मी आजीच्या लुगड्याचा काठ दुहेरी करून शिवलाय, हिरवा-लाल. तुझ्या पोनीला पत्करत असेल तर माप कळव, शनिवारी टपालात टाकते. लेकीला पापा.

तुझी,
वसू