गेम किती यापेक्षा मॉनिटर कोणता ते पाहा

मा. संपादक,

पार्लर बंद झाल्यावर धूळ खात पडलेले व्हिडिओ गेम मशीन पुन्हा चालू करायचे म्हटले की नागपूरच्या सीताबर्डी बाजारात काय किंवा ऑनलाइन काय, आधी ‘किती गेमचा बोर्ड (गेम भरलेले सर्किट) देऊ?’ असेच विचारतात. मशीनमध्ये मॉनिटर कोणता आहे, हे कुणी विचारत नाही आणि पैसे तिथेच वाया जातात.

जुन्या मशीनच्या पिक्चर ट्यूबला १५ किलोहर्ट्झचा सिग्नल लागतो. संगणकाच्या मॉनिटरची व्हीजीए जोडणी ३१ किलोहर्ट्झवर चालते, तर पॅन्डोरा या अनेक गेमच्या बोर्डांच्या मालिकेतील अनेक नव्या बोर्डांना फक्त व्हीजीए आणि एचडीएमआय (नव्या टीव्हीची जोडणी) असते. असा बोर्ड जुन्या ट्यूबला जोडला तर चित्र स्थिर होत नाही आणि तसाच चालू ठेवल्यास मॉनिटरही जाऊ शकतो. ६० गेमच्या बोर्डावर १५ आणि ३१ किलोहर्ट्झ अशा दोन्ही सोयी असून छोट्या स्विचने निवड करता येते. मात्र त्यातले पॅकमॅन, गॅलागा, १९४२ हे सगळे उभ्या पडद्याचे गेम. स्ट्रीट फायटर किंवा ‘मुस्तफा’ (कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स) खेळायचा तर आडवा पडदाच हवा. हजारो गेमच्या आकड्यावर तर जाऊच नये. एकाच गेमच्या चार-पाच आवृत्त्या मोजून तो फुगवलेला असतो आणि बहुतेक गेम मूळ कंपनीच्या परवान्याविना भरलेले असतात. मशीन धंद्यासाठी लावणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा.

बोर्डाची मशीनशी जोडणी १९८५ च्या जामा या ठरावीक पद्धतीची, ५६ पिनांची. कनेक्टर उलटा बसला तर १२ व्होल्ट थेट दुसऱ्या बटणाच्या पिनवर जातात आणि बोर्ड क्षणात जळतो. म्हणून सातव्या पिनच्या खाचेत प्लास्टिकची पट्टी बसवलीच पाहिजे. दुसरा घोटाळा २७ व्या पिनचा. जामात ती ग्राउंड असते, पण काही पॅन्डोरा बोर्डांवर तिथे सहावे बटण येते. जुना हार्नेस (मशीनमधल्या तारांचा जुडगा) तसाच लावला की ते बटण सतत दाबलेलेच राहते. अशा वेळी त्या पिनची आणि तिच्या पाठीमागच्या पिनची ग्राउंडची तार काढावी.

गेम मध्येच रीसेट होत असेल तर बोर्डाला दोष देण्याआधी मल्टिमीटर घ्यावा. मशीन चालू ठेवून, एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) नव्हे तर बोर्डाच्या पिनांवरच ५ व्होल्ट मोजावेत. ते ५.० ते ५.१ असावेत. ४.८ च्या खाली गेले तर बहुधा तार बारीक असते, किंवा ५ व्होल्टच्या चार पिनांपैकी एकच जोडलेली असते. आधी चारही पिना आणि ग्राउंड जाड तारेने जोडावेत, मगच एसएमपीएसचा व्होल्टेज वाढवणारा स्क्रू हळूहळू फिरवावा, ५.२५ च्या वर मात्र जाऊ नये. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ अंश असतात, तेव्हा बंद कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला १२ व्होल्टचा पंखा हवाच.

विक्रेत्यांनी निदान एवढे करावे : बोर्ड १५ किलोहर्ट्झचा की ३१ चा आणि पिनांचा तक्ता, हे बिलासोबत लिहून द्यावे.

— गेम मशीन दुरुस्त करणारे दोघे, महाल, नागपूर