रताळे उपवासापुरतेच का?

महोदय,

आषाढी एकादशी किंवा महाशिवरात्र जवळ आली की मंडईत रताळ्यांचे ढीग लागतात आणि उपवास सुटताच हा कंद स्वयंपाकघरातून हद्दपार होतो, हे काही पटत नाही. पोहे-उपमा आलटून पालटून करणाऱ्या घरांनी अधूनमधून रताळ्याचा कीस न्याहारीला करावा. रताळी स्वच्छ धुऊन सालीसकट जाड किसणीवर किसावीत, कीस काळा पडू नये म्हणून लगेच पाण्यात टाकावा आणि घट्ट पिळून घ्यावा. तुपात जिरे व हिरवी मिरची तडतडली की तो परतून झाकण ठेवावे, मात्र पाण्याचा हबका मारू नये, नाहीतर लगदा होतो. वाफ आल्यावर दाण्याचे भरड कूट, मीठ, ओले खोबरे आणि लिंबू घालावे. (साखर घालण्याची रीत आहे, पण मुळातच गोड कंदाला ती कशासाठी?)

रताळ्यात पिष्ट आणि तंतू भरपूर असले तरी प्रथिने बेताचीच असतात, म्हणून कूट सढळ हाताने घालावे आणि सोबत वाटीभर दही घ्यावे. केशरी गराच्या रताळ्यातून बीटा कॅरोटीन (शरीरात ज्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनते ते रंगद्रव्य) मिळते व ते अंगी लागण्यास तूप-दाण्यांतील स्निग्धांश मदत करतो. आमच्या बाजारात मात्र पांढऱ्या गराचीच रताळी दिसतात. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेच्या ‘भू सोना’ या केशरी वाणाचे वेल कृषी विभागाने येथील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवावेत, ही विनंती.

– एक वाचक, सातारा