सीसी छापता, मग किलो आणि वॉट का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतलं टूरिंग बाईकचं पान वाचलं, दोनदा वाचलं, विषयच जिव्हाळ्याचा आहे. फोटो झकास होते आणि लिहिणाऱ्याने गाडी खरंच पळवून बघितलीये हेही कळत होतं, त्यामुळे हे पत्र नुसतं चुका काढायला लिहीत नाहीये. पण त्या पानावर सीसी होती, बीएचपी होती, टॉप स्पीड होता, शून्य ते शंभर किती सेकंदात तेही होतं, आणि खाली चौकटीत "लांबच्या प्रवासासाठी हे लावाच" म्हणून डझनभर वस्तूंची यादी. पेट्या, गार्ड, फॉग लाईट, गरम होणारे ग्रिप, हॅन्डल वर घेणारे रायझर, सगळं. त्यातल्या एकाही वस्तूपुढे वजन नाही, किती वॉट खाते ते नाही. आणि मुळात ती गाडी किती ओझं घेऊ शकते आणि किती वीज तयार करते हे तर अख्ख्या पानात कुठेच नाही.

माझ्याकडे टूरिंगची गाडी आहे, आठ वर्षं झाली, पंच्याण्णव हजार किलोमीटर झालेत. मी पण अशाच याद्या वाचून गाडी सजवलेली आहे म्हणून सांगतो.

घेतल्यावर पहिल्या वर्षात मी तीन ॲल्युमिनियमच्या पेट्या लावल्या, दोन बाजूला, एक मागे. पुढे गार्ड. मग एकदा बायकोने सहज विचारलं की या गाडीवर एकूण किती वजन चालतं? मी म्हटलं चालतं गं, टूरिंगची गाडी आहे. तिने गाडीचं मॅन्युअल काढलं (जे मी तोपर्यंत प्लास्टिकमधून बाहेरच काढलं नव्हतं) आणि त्यात कमाल भार लिहिला होता १८० किलो. यात बसणारी माणसं, त्यांचे कपडे, सामान, आणि कंपनीने न दिलेली प्रत्येक गोष्ट आली. मग घरातला वजनकाटा आला हॉलमध्ये. मी हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं चढवून उभा राहिलो तर ८७, ती तिच्या सगळ्या जाम्यानिम्यासकट ६८. झाले १५५. उरले २५. आता बाजूच्या पेट्या रिकाम्या ११, त्यांची फ्रेम ५, मागची पेटी प्लेटसकट ६, गार्ड ५, म्हणजे २७. अजून एक टॉवेल सुद्धा भरला नव्हता आणि आम्ही दोन किलोने पुढे होतो. ती म्हणाली, मग मी घरीच थांबू की पेट्या थांबवायच्या? त्या दिवशी पेट्या उतरल्या आणि कापडी बॅगा आल्या, दोन्ही मिळून चार किलो, फ्रेमची गरज नाही. पाऊस आला तर आत प्लास्टिकची पिशवी, संपलं.

लोक म्हणतात की कंपनी आकडा कमीच लिहिते, गाडी घेते सगळं. घेते ना, पहिल्या दिवशी घेतेच, पण ते ओझं नंतर कुठून कुठून वसूल होतं ते बघायला पाहिजे. चेनचंच बघा. गाडी स्टँडवर रिकामी असताना चेन छान ताणलेली दिसते, आपल्याला बरं वाटतं. पण माणसं आणि सामान बसलं की मागचं चाक वर येतं, आणि पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. स्टँडवरच जी सैल नव्हती तिची तेव्हा तार होते, आणि तो सगळा ताण गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टच्या बेअरिंगवर. सैल जरा जास्त असलेली चेन आवाज करून सांगते तरी, घट्ट चेन गप्प बसते आणि बेअरिंग खाते. म्हणून मॅन्युअलमध्ये जितकी सैल सांगितलीये तितकी ठेवायची, आणि ती एकाच जागी न बघता चाक फिरवत तीनचार जागी बघायची, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी वाढत नाही. धुवायला रॉकेल आणि मऊ ब्रश, पेट्रोल नको, आतल्या रबरी ओ-रिंग वाया जातात आणि त्या गेल्या की आत भरलेलं ग्रीस गेलं. तारेचा ब्रश तर नकोच.

तेच टायरचं. एकट्याची हवा आणि दोघं अधिक सामानाची हवा हे मॅन्युअलमध्ये वेगवेगळे आकडे असतात, मागच्या चाकात चार-पाच पीएसआयचा फरक सहज असतो, आणि ती हवा गार टायरला बघायची, शंभर किलोमीटर पळवून आणल्यावर पंपावर बघून काही अर्थ नाही. कमी हवेवर भरलेली गाडी पळवली की टायरची बाजू सारखी मुडपते आणि गरम होते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२२२ असेल तर २०२२ सालचा बत्तिसावा आठवडा, दुकानात टायर बसवायच्या आधी ते वाचायचे, बसवल्यावर वाचून भांडण होतं फक्त.

ब्रेक ऑइलचं कोणी नावच काढत नाही. डॉट ४ जे असतं ते हवेतलं पाणी शोषून घेतं, झाकण न उघडताही हळूहळू शोषतंच. नवं ऑइल किमान २३० अंशापर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेल्याची ती हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते. आता भरलेली गाडी घेऊन लांबलचक घाट उतरा, ब्रेक सारखे दाबत, ऑइल कॅलिपरमध्ये (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणारा भाग) उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, आणि लिव्हर हॅन्डलला येऊन टेकतं. दर दोन वर्षांनी बदलायचं, रनिंग असो नसो.

आणि आता माझ्या आवडीचा विषय, शॉकअप. गाडी भरली की मागून बसते, नाक वर होतं, हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात जातो, वळणावर हॅन्डल हलकं लागतं. मेकॅनिक म्हणतो प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) वाढवा, कडक होईल. कडक होत नाही. स्प्रिंग आहे तेवढीच कडक राहते, प्रीलोडने गाडी फक्त वर उचलली जाते. हे मला कळायला चार वर्षं लागली. मोजायचं कसं तर टेप घ्यायची, गाडी कोणीतरी उचलून धरायची आणि मागच्या ॲक्सलपासून सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंतचं अंतर घ्यायचं, मग सगळे बसून, सामान लावून परत घ्यायचं. चाकाला वर-खाली व्हायला २०० मिमी जागा असेल तर साधारण साठ-सत्तर मिमी बसायला हवी. माझी बसत होती ९५. प्रीलोड शेवटपर्यंत फिरवून ८०. म्हणजे स्प्रिंगच आमच्या वजनाची नव्हती. मग आमच्या वजनाची स्प्रिंग मागवून घातली आणि ती आठ वर्षांतली सगळ्यात भारी अपग्रेड, पण फोटोत दिसत नाही ना, त्यामुळे कुठल्याच यादीत नसते.

मागच्या पेटीबद्दल एकच सांगतो. ती ॲक्सलच्याही मागे असते, त्यामुळे तिच्यात घातलेला प्रत्येक किलो पुढचं चाक थोडं थोडं उचलतो. कॅरिअरवर किती किलो चालतात ते बहुतेक त्याच्यावरच छापलेलं असतं, आणि आकडा बघून हसू येतं इतका छोटा असतो. जड वस्तू, हत्यारं, पाण्याची बाटली खाली आणि पुढे ठेवायची. स्पीडला गाडी मागून डोलायला लागली की रस्ता खराब आहे, वारा आहे असं म्हणत बसतो आपण.

आता विजेचं. हा भाग मी स्वतः भोगलाय.

फॉग लाईट दोन मिळून ४० वॉट, गरम ग्रिप ३६, मोबाईल चार्जर १५. एकूण ९१. माझ्या गाडीचं वीज तयार करणारं कॉईल जास्तीत जास्त २४० वॉट देतं, तेही पाच हजार आरपीएमला, आणि गाडी स्वतःच पेट्रोल पंप, इंजेक्शन, हेडलाईट, एबीएस धरून दीडशे खाते. उरले ९०. म्हणजे इथेही उण्यातच. हे गणित मी तेव्हा केलंच नव्हतं. एका रात्री पाऊस, चढ, समोर ट्रकांची रांग, गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगतीये, रेडिएटरचा पंखा चालू, ग्रिप चालू, लाईट चालू. कमी आरपीएमला कॉईल २४० च्या आसपासही देत नाही, सगळं बॅटरीतून चाललंय. आधी एबीएसचा दिवा लागला, मग मीटर फिका झाला, मग गाडी गप्प. बॅटरी मोजली तर ११.४ व्होल्ट. सीट काढून बघतो तर ज्याने लाईट लावून दिले होते त्याने हेडलाईटची वायर सोलून तिलाच पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळली होती. रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, फ्यूज नाही. टेपखालचं प्लास्टिक तपकिरी आणि कडक झालेलं, नखाने खरवडलं तर पापडासारखं तुटलं. नशीब गाडी बंदच पडली, पेटली नाही.

आता करंट थेट बॅटरीपासून फ्यूजमधून येतो, रिले मध्ये, आणि स्विचची वायर फक्त रिलेला जागं करते. हॅन्डलवर एक छोटा व्होल्टमीटर लावलाय. पळताना १४.१ दाखवतो, तेराच्या खाली आला की ग्रिप बंद. एवढं सोपं आहे ते. याच व्होल्टमीटरने नंतर एकदा रेग्युलेटर-रेक्टिफायर (कॉईलची वीज बॅटरीजोगी करणारा भाग) जायच्या आधी सूचना पण दिली, आकडा पळतानाच वर-खाली नाचायला लागला होता.

रायझरचं पण तसंच, हॅन्डल वर येतं, पाठ सुखावते, पण केबल तेवढ्याच लांबीच्या राहतात. लावल्यावर गाडी जागेवर चालू ठेवून हॅन्डल दोन्ही बाजूला पूर्ण फिरवून बघायचं, आयडलिंग आपोआप वाढलं तर ॲक्सिलरेटरची केबल ताणतीये. वळताना गाडी स्वतःहून पुढे गेली तर काय होईल ते सांगायला नको, आणि ब्रेकचा होज पण बघा तेव्हाच.

सजवण्याच्या मी विरोधात नाही हो, हा छंद जुनाच आहे. १९७५ ला होंडाची गोल्डविंग आली ती उघडीच होती, ना फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं कवच) ना पेट्या, लोकांनी बाहेरून घेऊन लावल्या, आणि १९८० ला कंपनीने स्वतःच सगळं लावलेली इंटरस्टेट काढली. फरक एवढाच की कंपनी लावते तेव्हा कोणीतरी किलो आणि वॉटची बेरीज केलेली असते, आपण लावतो तेव्हा ती आपल्यालाच करायला लागते, आणि त्यासाठी आकडे हातात पाहिजेत.

म्हणून विनंती आहे, पुढच्या वेळी गाडीचं पान काढाल तेव्हा टॉप स्पीडच्या शेजारी चार ओळी वाढवा. एक, कमाल भार किती किलो, आणि त्यातून दोन साधारण वजनाची माणसं वजा केल्यावर सामानाला काय उरतं. दोन, कॉईल किती वॉट देतं आणि किती आरपीएमला. तीन, टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट) किती किलोमीटरला तपासायचे, कारण यात गाडी-गाडीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कुठे दहा हजाराला, कुठे चोवीस, कुठे चाळीसच्याही पुढे, आणि लांब फिरणाऱ्याला हाच खर्च मोठा. (आवाज आला की बघू असं म्हणणाऱ्यांसाठी: सैल टॅपेट आवाज करतो, घट्ट झालेला करत नाही. व्हॉल्व्ह नीट बसत नाही, सीटमधून उष्णता निघून जायची ती जात नाही, आणि तो जळतो. गाडी गोड चालतीये म्हणत म्हणत जळतो.) चार, कॅरिअरवर किती किलो चालतात.

हे सगळं मॅन्युअलमध्ये असतं, कॉईलचे वॉट कधीकधी नसतात, ते कंपनीला विचारायला लागतील. दिले नाहीत तर त्या ओळीत "कंपनीने सांगितलं नाही" असं छापा, आम्हाला तेवढंही पुरेल.

आपला,
एक जुना वाचक

ता.क. मुख्य फोटोत जी गाडी आहे, तिन्ही पेट्या लावलेली, तिच्या मागच्या टायरमध्ये हवा कमी वाटतीये. ज्यांची असेल त्यांना निरोप द्या.